पुंजाजीचे बुटांचे पत्ते

पुंजाजीबद्दल चांगलं लिहायचं माझ्या जिवावर येतं, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या इंझोरीत पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या होतात. म्हणजे दोन माणसांनी समोरासमोर उभं राहून यमकात एकमेकांची अब्रू काढायची आणि शेवटी सगळ्या गावानं ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणून ओरडायचं. त्या दिवशी बायको, सरपंच, सरकार, खुद्द महादेव, कोणालाच सोडत नाहीत आणि रागही कोणी धरत नाही. पुंजाजीसमोर उभं राहायला गावात एकच गाढव तयार असायचं. ते म्हणजे मी, ग्यानबा. माझ्या नाकावर, माझ्या सोयाबीनवर आणि माझ्या सासुरवाडीवर तो जे जे बोलला आहे ते गावाला तोंडपाठ आहे.

माणूस दिसायला तुराटीसारखा, मिशी मात्र दोघांना वाटून घेता येईल एवढी. शेती आम्हा सगळ्यांसारखीच, पण बैलाची पारख त्याच्यासारखी पंचक्रोशीत कोणाला नाही. बाजारात बैल घ्यायला निघालेला माणूस आधी पुंजाजीला जीपमध्ये बसवायचा. हा तिथं जाऊन बैलाचं तोंड उघडायचा, दात बघायचा, चार पावलं चालवायचा आणि मालकाच्या तोंडावर त्याच्या बैलाची खोड सांगून मोकळा व्हायचा. जोडी लावण्यात तर त्याचा हातखंडा. एक बैल ढवळा आणि एक लाल असला की याच्या पोटात दुखायला लागतं. घरोघरी ट्रॅक्टर आले तेव्हा या विद्येला गिऱ्हाईक उरलं नाही. पण अंगात मुरलेली विद्या कुठून तरी बाहेर निघतेच. पुंजाजीची बुटांवर निघाली.

त्याला आणि पंचफुलावहिनींना एकच मुलगा, लखन. तो पुण्याकडे एका गोदामात कामाला आहे आणि चार-पाच पोरांबरोबर एका खोलीत राहतो. त्याला बुटांचा नाद. घालायचा नव्हे, ठेवायचा. कंपनी म्हणे एखाद्या तऱ्हेचे बूट मोजकेच काढते, देशभरातली पोरं मोबाईलवर नंबर लावून बसतात, आणि ज्याचं नशीब फुटलं असेल त्याला ते मिळतात. मिळाले की डब्यात ठेवायचे आणि आपल्याकडे आहेत या आनंदात फाटकी चप्पल घालून कामावर जायचं. खोलीतली पोरं मात्र एवढी पोहोचलेली नव्हती. ती लखनचे बूट घालून चहाला जाऊ लागली. तेव्हा त्यानं सगळे डबे बांधून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं शेलूबाजारला पाठवले आणि बापाला फोन केला.

"बाबा, जपून ठेवजा. घालू नका, धू नका, उन्हात ठेवू नका."

"मंग काय करू? उदबत्ती लावू?" पुंजाजीनं विचारलं.

डबे कोठीत, तुरीच्या पोत्यांवरच्या फळीवर गेले. प्रत्येक डब्यात एक बारीक पुडी होती. पंचफुलावहिनींना ती मिठाची वाटली आणि पुण्याची माणसं बुटांना मीठ घालतात, असं त्यांनी बायकांमध्ये सांगूनही टाकलं. एक बूट अंधारात हिरवा चमकायचा. तो पहिल्यांदा चमकला तेव्हा वहिनी कोठीतून ओरडत बाहेर आल्या आणि पुढे बरेच दिवस तूर काढायला पुंजाजीच आत जायचा.

आता खरी गोष्ट सांगतो. लखन गावाला येत नव्हता. दिवाळीला यायचा नाही, पोळ्याला तर नाहीच. मागच्या थंडीत वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही त्याला सुट्टी मिळाली नाही. फोन यायचा, पण तो दोन वाक्यांचा. "बूट बरे हायेत ना? उंदीर नाही ना लागले?" बस्स, झालं.

"पोट्टं बुटायची तब्येत इचारते," वहिनी म्हणायच्या, "मायच्या डोळ्याचं काय झालं, इचारत नाही."

ज्या पुंजाजीच्या तोंडाला गाव घाबरतं तो फोन हातात घेऊन गप्प बसायचा. लखन परत यावा, निदान पोळ्याला यावा, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते मागायला त्याच्या जिभेवर एक शब्द येत नव्हता.

एकदा फोन ठेवता ठेवता त्यानं सहज विचारलं, "काबे लखन, त्या ढवळ्या बुटाच्या टाचेत खिडकी काहून ठेवली हाय?" झालं. लखन सुरू झाला. खिडकीत हवा असते, ती कोणी पहिल्यांदा भरली, त्या बुटासाठी तो कसा पहाटेपर्यंत मोबाईल धरून बसला होता, सगळं सांगत सुटला. बोलता बोलता जेवला का, खोलीत पाणी येतं का, हेही निघालं. पुंजाजीनं फोन ठेवला आणि त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं याच्या तुरीला भाव आला.

त्यानंतर तो रोज एक बूट काढून बघायला लागला. फोनवर विचारायला रोज नवा मुद्दा हवा ना. पण बुटांची नावं इंग्रजी, लांबलचक, मागे आकडे. ती त्याच्या लक्षात राहीनात. हिरव्याची गोष्ट तो लालाला जोडायचा आणि लखन वैतागायचा. म्हणून त्यानं पत्ते करायला घेतले.

पत्ते कशाचे? लग्नपत्रिकांचे. वहिनींनी एका पिशवीत वर्षानुवर्षांच्या पत्रिका साठवल्या होत्या. चांगला जाड कागद, टाकवत नाही. पुंजाजीनं त्या कात्रीनं सारख्या कापल्या, दोन-दोन तुकडे छापील बाजू आत घालून खळीनं चिकटवले आणि वर दगड ठेवून वाळवले. पत्ता उन्हात धरला की बुटाच्या पोटात गणपती दिसतो तो यामुळे. कापताना त्यानं एक अशीही पत्रिका कापली जिचं लग्न अजून व्हायचंच होतं. अनसिंगचे वहिनींचे मावसभाऊ मुलीच्या लग्नाला कोणीच आलं नाही म्हणून आजवर बोलत नाहीत. ती नवरी आमच्या इथं एका लाल बुटाच्या आत चिकटलेली आहे.

पत्त्यावर वर बुटाचं चित्र. चित्र काढायला बॉलपेन आणि रंगवायला पोळ्याच्या वेळी बैलांच्या शिंगांना लावतात ते वार्निशचे डबे, मागच्या वर्षीचे उरलेले. चित्राखाली नाव. ती त्यानं बैलांची दिली: ढवळ्या, हरण्या, मोऱ्या, आणि चमकणारा तो पोपट्या. मग रंग, वय, चाल, चिखल आणि खोड. चाल आणि चिखल आण्यांत. सोळा आणे म्हणजे पुरं पीक. ढवळ्याला चालीत चौदा आणे, पण चिखलात एकच आणा. खोड: ‘पाणी पाहिलं की अंग चोरते.’ पोपट्याची खोड: ‘अंधारात बायामाणसाले भेवडावते.’

मागच्या बाजूला झडती. ढवळ्याची अशी:

बुटाले पेटी, पेटीले कुलूप,
बापाच्या भाकरीले दिसंना तूप.

आणि पोपट्याची:

हिरवा बूट पाहून बकरी आली,
चव घेऊन म्हणे, पालक शिळी झाली.

मी पहिल्यांदा हे पत्ते बघितले तेव्हा म्हटलं, "पुंजा, तुले येड लागलं." आणि दुसऱ्या दिवशी जाऊन एक मागून आणला. मीच काय, मारुतीच्या पारावर बसणारे सगळेच मागायला लागले. पुंजाजीनं आणखी प्रती काढल्या. बघता बघता पारावर रमीचा डाव मोडला आणि बुटांचा बसला. दोघांनी एकेक पत्ता टाकायचा, चाल किंवा चिखल बोलायचं, ज्याचे आणे जास्त तो दोन्ही पत्ते उचलणार. आमची काळी माती पावसाळ्यात माणसाचा पाय ठेवून घेते, म्हणून सगळे चिखलच बोलायचे. तिथं लखनचे एकूण एक महागडे बूट सपाटून मार खायचे. मग पुंजाजीनं स्वतःच्या प्लास्टिकच्या पावसाळी बुटाचाही पत्ता काढला. चिखल: सोळा आणे. खोड: ‘वास.’ त्या एका पत्त्यासाठी लोक दोन हरण्या आणि एक मोऱ्या द्यायला तयार होते. मला तो कधी मिळाला नाही, मागूनही नाही. हा माणूस किती कोता आहे, ते यावरून ओळखा.

लखनला पत्त्यांचं त्यानं सांगितलं नव्हतं. त्याला वाटायचं, पोरगं हसेल. फोन मात्र लांबत चालले होते. लखन स्वतःहून सांगायचा, पुंजाजी पत्त्यावर आणे वाढवायचा-कमी करायचा. श्रावण लागला तेव्हा त्यानं हिंमत करून विचारलं, "पोळ्याले येतं काय?"

"पाहतो," लखन म्हणाला. त्याआधी तो ‘नाही’ म्हणायचा. तेवढ्यावर पुंजाजी आठवडाभर गावात हवेत चालत होता.

आणि मग ती जोडी आली. लखनला वर्षभर नंबर लावून मिळालेली. त्यानं सांगितलं, बाबा, हा सगळ्यात भारी आहे, याला डोळ्यात तेल घालून जपा. पुंजाजीनं डबा उघडला. आत डावा बूट निळा आणि उजवा लाल. त्यानं बूट उलटे केले, सुलटे केले, तळवे बघितले. माप एक, शिवण एक, रंग दोन. त्याच्या पोटात दुखायला लागलं.

माझ्याकडे धावत आला. "ग्यानबा, पोट्ट्याले फसवलं बे. विजोड देली दुकानदारानं."

"मंग वापस कर म्हणा."

"वर्षभर नंबर लावून भेटली ना त्याले. कसं सांगू?"

बापाचं काळीज मोठं चमत्कारिक असतं. पोराचं वाईट वाटू नये म्हणून ते काय करील, सांगता येत नाही. पुंजाजीनं निळ्या वार्निशचा डबा उघडला आणि लाल बुटावर शिंग रंगवावं तसे दोन हात मारले. काम सफाईदार, हे मला मान्य करावंच लागेल. वाळल्यावर जोडी अशी जुळली की बाजारात कोणीही बोट ठेवलं नसतं. त्यानं नवा पत्ता काढला, त्यावर लिहिलं, ‘खोड: नाही.’ मग जोडीचा फोटो काढून लखनला पाठवला आणि खाली लिहिलं, दुकानदारानं चूक केली होती, मी दुरुस्त केली.

बऱ्याच वेळानं एकच ओळ आली. ‘बाबा, ते तसेच होते.’

पुंजाजी ती ओळ घेऊन माझ्याकडे आला. मी मोबाईलवर शोधलं. तोच बूट, एक निळा, एक लाल, परदेशातल्या मोठमोठ्या माणसांच्या हातात. कंपनीनं मुद्दाम तसा काढलेला. म्हणून तर एवढा महाग.

"म्हंजे एवढ्या मोठ्या कंपनीले जोडी लावता येत नाही?" पुंजाजी म्हणाला. मग त्याला कळलं. घरी जाऊन त्यानं रॉकेलच्या बोळ्यानं रंग पुसायला घेतला, तर वार्निशबरोबर खालचा लालही निघाला आणि बुटाला दिवाबत्तीचा वास लागला. तेव्हा त्यानं पुन्हा निळा हात मारून ठेवला, निदान दिसायला बरं.

त्या दिवसापासून लखननं फोन घेणं सोडलं. पुंजाजी सकाळी लावायचा, दुपारी लावायचा. घंटी वाजून बंद. पारावर पत्त्यांचा डाव मांडला की हा उठून जायचा. पोळा जवळ आला तरी एक झडती त्यानं जुळवली नाही. मी मुद्दाम त्याच्या मिशीवर एक फालतू यमक टाकून बघितलं, तर म्हणाला, "चांगलं हाय." मला त्याची दया आली, आणि पुंजाजीची दया येणं मला अजिबात सोसत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलांचे खांदे मळत होतो. हळद-लोण्यानं हात भरलेले. तेवढ्यात शेलूबाजारची जीप थांबली आणि पाठीवर बॅग घेऊन लखन उतरला. वहिनी धावल्या. त्यानं त्यांच्या पाया पडून विचारलं, "बूट कुठी हायेत?"

"कोठीत. आधी पाणी तं पे."

तो सरळ कोठीत गेला. बापाकडे बघितलंसुद्धा नाही. पुंजाजी तसाच बैलाच्या खांद्यावर हात ठेवून उभा. मी त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, "पुंजा, उरलेले बी रंगवून टाक. पोट्टं महिन्या-महिन्याले येईन." एरवी त्यानं मला तिथंच उभा चिरला असता. आता परत बैलाचा खांदा मळायला लागला.

लखन बाहेर येईना, म्हणून मी पोतं आणायच्या निमित्तानं डोकावलो. रंगवलेली जोडी त्याच्या पायाशी पडली होती. फळीवरची पत्त्यांची चळत त्याच्या हाती लागली होती आणि तो पोत्यांवर एकेक पत्ता मांडून वाचत होता. पुढून वाचायचा, उलटवून वाचायचा, उन्हाकडे धरायचा. मी गेलो तरी त्यानं मान वर केली नाही. दुपारी जेवायला बसला तेव्हा बाप समोरच होता, पण हा आईशी बोलत होता.

"माय, यायले सांग, हरण्याचं वय चुकलं हाये."

"तूच सांग ना रे, समोर तं हायेत."

"तूच सांग. अन् मोऱ्याची चाल बारा आणे नाही, पंधरा हाये."

पुंजाजीनं भाकरीवरून मान न उचलता वहिनींना म्हटलं, "त्याले सांगा, बारापेक्षा जास्त भेटत नाही. टाच घासते त्याची." त्यावर लखन ताटावरून उठला. वहिनींनी पदरानं डोळे पुसले, ऑपरेशन झालेला डोळा जरा जास्तच जपून.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैल लागले. गावात उरलेल्या जोड्या, मागे रांगेत हार घातलेले ट्रॅक्टर. रात्री पाऊस झाल्यामुळे पायाखाली चिखलाचा राबडा. ढोल थांबला. पुंजाजी एका बाजूला उभा, तोंड उतरलेलं. मी समोर जाऊन खाकरलो. याला यंदा हरवायची पाळी आपली, हे मला दिसत होतं आणि खोटं कशाला सांगू, मला गुदगुल्या होत होत्या.

मागून कोणीतरी माझा खांदा धरला. "काका, सरका."

लखन. पायात ती जोडी. निळ्या वार्निशची, घोट्यापर्यंत काळ्या मातीत बुडालेली. तो बापासमोर उभा राहिला, एक हात कानावर ठेवला आणि आवाज काढला. शाळेत असतानाही त्यानं कधी झडती म्हटलेली मला आठवत नाही.

इंझोरीचा पुंजा मोठा शायना,
बुटाले रंगवते, पाहत नाही ऐना!

एक होता निळा, एक होता लाल,
बुढ्यानं केले दोघं बी बेहाल!

घरात हाय ब्रश, डब्यात वार्निश,
बुढ्याच्या टकल्याची करा रे मालिश!

गाव असं हसलं की बैल बिचकले. कोणीतरी खरंच पुंजाजीची टोपी उडवली. लखन थांबला नाही. आवाज मात्र जरा खाली आला.

फोनवर इचारतो बुटायचे हाल,
बुढ्याले वाटते, बुटाचाच सवाल!

हर बोला हर हर महादेव. सगळं गाव ओरडलं, वहिनी बायकांच्या घोळक्यातून ओरडल्या, मीसुद्धा ओरडलो. मग सगळ्यांनी पुंजाजीकडे बघितलं, कारण आता उत्तर येणार. त्यानं मिशीवरून हात फिरवला, तोंड उघडलं. मी त्याला इतकी वर्षं समोरून बघतो आहे, मला कळतं. उत्तर तयार होतं. पण त्यानं तोंड मिटलं, दोन्ही हात जोडले आणि लखनसमोर मान खाली घातली. पोरांनी लखनला खांद्यावर घेतलं. तोरण तुटलं, बैल धावले, बुटाचा चिखल सगळ्यांच्या अंगावर.

बैल घरोघरी पूजेला गेले तेव्हा मी पुंजाजीला रस्त्यात गाठला. "खरं सांग. होतं ना तुह्याजवळ उत्तर?"

त्यानं आजूबाजूला बघून हळूच म्हटलं:

बुटाच्या काळजीनं गाडी धरली,
मायच्या डोळ्याले सुट्टी नाही उरली.

हे पडलं असतं तर लखन गावासमोर जागच्या जागी आडवा झाला असता, आणि उठून त्याला कोणाकडे बघता आलं नसतं.

"एवढं भारी होतं," मी म्हटलं, "मंग फेकलं काहून नाही?"

पुंजाजीनं माझ्याकडे असं बघितलं की मी अजूनही झडतीत का हरतो ते त्याला नव्यानं कळलं असावं.

"येड्या," तो म्हणाला, "मी जिंकलो असतो, तं पुढच्या पोळ्याले तो कायले आला असता?"